लाल कार्डाची पिल्लं

“बघा हं मामा, आता सोडते.”

मॅडमनी पिल्लू टॉवेलवर उताणं ठेवलं, बोट काढून घेतलं आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ दाबलं.

उंदराचं पिल्लू, पाच दिवसांचं, माझ्या करंगळीएवढं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. पोटातलं दूध कातडीतून पांढरं दिसत होतं. त्यानं चारी पाय हवेत झाडले, कुशीवर झुकलं, पुन्हा उताणं झालं आणि मग एकदम पालथं पडलं. मॅडमनी घड्याळ थांबवलं.

“साडेतीन सेकंद. शाबास!”

“ह्याला बक्षीस काय देताय?” मी विचारलं.

“बक्षीस तुम्हालाच द्यायला पाहिजे. लाल कार्डाचं पिल्लू आहे हे, आणि बघा किती ठणठणीत.” त्यांनी वहीत आकडा लिहिला. “आता पांढऱ्या कार्डाचा एक पिंजरा द्या.”

मी दिला. त्यातलं पहिलं पिल्लू चार सेकंदांत पालथं झालं. दुसरं उताणं पडून राहिलं. पाय हलायचे, पण जोर नव्हता. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, मी पिल्लाकडे. बऱ्याच वेळानं ते कसंबसं वळलं.

“सतरा,” मॅडम म्हणाल्या. “पांढऱ्यात असं कसं?”

“काय झालं मॅडम?”

“अहो, पांढऱ्या कार्डाच्या आयांना आपण नुसतं तेल पाजलंय. लाल कार्डाच्या आयांना तेलातून सगळ्यात जास्त पावडर. पावडर वाईट असेल, तर लालमधली पिल्लं मरतील नाही तर मागं पडतील. उताणं ठेवलेलं पिल्लू किती वेळात पालथं होतं, त्यावरून त्याचा मेंदू नीट वाढतोय का ते कळतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. इथं उलटंच दिसतंय.” त्यांनी आकडा वहीत लिहिला. “असेल. एखादं पिल्लू असतं अशक्त.”

पिंजरा माझ्या हातात होता. मी तो फळीवर ठेवला आणि हात पँटला पुसले. अडीच वर्षं मी त्या खोलीत काम करत होतो आणि ते कशासाठी चाललंय हे मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं. पाच दिवस उशिरा सांगितलं होतं.

---

मी म्हाळू कोळेकर. जातीचा धनगर. पन्नाशीपर्यंत मेंढरं राखली. आमच्या चराईच्या माळावर कारखान्यांची कुंपणं आली, तेव्हा कळप विकला आणि हायवेपासून आत, डोंगराच्या पायथ्याला एक प्रयोगशाळा होती, तिथं कामाला लागलो. जनावराला न भिणारा माणूस त्यांना पाहिजे होता. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं आणि सकाळी सहाला येऊन कोण मेलं, कोण व्यालं ते बघून सांगायचं. मला अक्षर येत नव्हतं, म्हणून कार्डांचा रंग बघून मी पिंजरे ओळखायचो. पांढरं, पिवळं, हिरवं, लाल.

आमच्यावर दळवी साहेब होते. पिल्लू मेलेलं दिसलं की त्यांचं एकच वाक्य असायचं. “म्हाळबा, तुझी हयगय झाली.” कधी आई पिल्लाला खायची, कधी भुशात गाडून टाकायची. शिव्या मला बसायच्या. त्यांचं मला वाईट वाटत नव्हतं. कळपात कोकरू मेलं तर तोंड राखणाऱ्यालाच लपवावं लागतं, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो.

त्या खेपेला ब्रोमीनची पावडर होती. कापडाला, फोमला लावली की ते लवकर पेट घेत नाही, अशी. गाभण माद्यांना मॅडम रोज सुईसारख्या नळीनं ती पाजायच्या. मग एकापाठोपाठ माद्या व्याल्या. लाल कार्डाच्या आया सुस्त होत्या. पिल्लांना जवळ घेत नव्हत्या. पिल्लंही थंडगार, चोखायला जोर नसलेली. त्याच वेळी पांढऱ्या कार्डाच्या आया मात्र दुधानं भरलेल्या, कुशीत पिल्लं घेऊन आडव्या पडलेल्या.

असं कळपात झालं की आम्ही काय करतो? आईनं टाकलेलं कोकरू दुसरीच्या कासेला लावतो. तिच्या कोकराच्या अंगाचा वास याला चोळतो, म्हणजे ती लाथ मारत नाही. मी तेच केलं. सकाळी सहाला खोलीत मी एकटाच असायचो, मॅडम दहाला येऊन मोजायच्या. लालमधली गळाठलेली पिल्लं मी उचलली, पांढऱ्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवली आणि तिथल्या आयांच्या पोटाशी सरकवली. मोजणीत आकडा चुकू नये म्हणून पांढऱ्यातली तेवढीच धष्टपुष्ट पिल्लं लालमध्ये आणून ठेवली. लालमधल्या आयांनाही ती बरी वाटली असावीत. चोखणारं तोंड लागलं तसं त्यांनाही दूध उतरलं. चौथ्या दिवशी मॅडमनी पिल्लांच्या पायावर खुणा केल्या. तोवर माझं काम उरकलेलं होतं.

मला वाटलं, मी जीव वाचवले. खरंच वाचवले होते. लालमधली जी पिल्लं मी हलवली, त्यातली दोनच मेली, आणि तीही पांढऱ्या कार्डाखाली.

---

टॉवेलच्या त्या दिवशी मी सांगणारच होतो. मॅडम वही मिटत होत्या. मी म्हणालो, “मॅडम, एक बोलायचं होतं.” तेवढ्यात दळवी साहेब आत आले.

“नाडगौडा मॅडम, ऐकलं का? लालमध्ये एकही मेलं नाही! आपल्याकडं असं कधी झालेलं नाही.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “म्हाळबाचा हात आहे बरं का. मी वर सांगितलंय, याला कायम करून टाका म्हणून.”

“करायलाच पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “काय बोलायचं होतं मामा?”

“काय न्हाई. भुसा संपत आलाय.”

हे माझं पहिलं खोटं. तेवढ्यावर थांबलं असतं तर आज एवढं लिहायला बसलो नसतो.

डॉक्टर हर्षदा नाडगौडा तेव्हा तिशीच्या असतील. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की त्या मला अक्षरं शिकवायच्या. पाटी नव्हती, जुनी कोरी कार्डं होती. “तुम्ही रंग ओळखता, मग ‘ल’ का ओळखता येणार नाही?” असं म्हणून त्यांनी पहिला शब्द लिहिला होता तो ‘लाल’. मी तो गिरवला तेव्हा त्या म्हणाल्या, “मामा, तुमचा ‘ल’ मेंढीच्या शिंगासारखा आलाय.” मी म्हणालो, “मेंढीला कुठली शिंगं? मेंढ्याला म्हणा.” त्या इतक्या हसल्या की डब्याचं झाकण खाली पडलं. माझ्या आयुष्यात शिकलेल्या माणसानं मला हसवून शिकवलं ते त्यांनीच. त्यांच्यासमोर उभं राहून ‘तुमची वही मी खोटी केली’ असं कसं म्हणायचं, हे मला सुचत नव्हतं. आणि मनात एक पळवाटही होती. एका बरणीतली पावडर. ती कोण खाणार आहे?

दीड-दोन महिन्यांनी ती पळवाट बंद झाली.

मॅडमच्या टेबलावर दोन प्लास्टिकच्या पुड्या होत्या. एक आमची, उंदरांना पाजलेली. दुसरी नवीन. दोन्ही पिठासारख्या पांढऱ्या.

“हिचे उंदीर कधी यायचे?” मी नव्या पुडीकडे बोट दाखवून विचारलं.

“यायचे नाहीत. हिची चाचणी करायची नाही.”

“मग ती चांगली का वाईट, कळणार कसं?”

“बसा, सांगते.” शिकवायची त्यांना हौसच होती. त्यांनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. साखळीत अडकवलेल्या कड्यांसारख्या, कडेला ठिपके. “हे ठिपके म्हणजे ब्रोमीन. आपल्या पावडरीत इतके, हिच्यात एकच जास्त. बाकी सांगाडा तोच. या दोघी बहिणी आहेत असं समजा. प्रत्येक पावडरीसाठी शेकडो उंदीर मारायचे, वर्षं घालवायची, त्यापेक्षा एका बहिणीचं नीट तपासायचं आणि त्यावरून दुसरीचं ठरवायचं. मेंढी विकत घेताना तुम्ही काय बघता?”

“तिची आई बघतो. बहीण बघतो. बहिणीनं कोकरं टाकली का, तिला दूध किती.”

“झालं तर! हेच. तुम्ही तर आधीपासून शास्त्रज्ञ आहात.”

मला आबा आठवले, माझे वडील. एकदा बाजारात गिऱ्हाईक मेंढीची कास चाचपून तिच्या बहिणीची चौकशी करत होतं. आबांनी सांगून टाकलं, बहिणीनं दोनदा कोकरू टाकलंय. गिऱ्हाईक निघून गेलं. मी चिडलो तर आबा म्हणाले, “त्यो बहिणीवरनं हिला घेणार व्हता. बहिणीचं खोटं सांगून कसं चालंल?”

“मग आपल्या बहिणीचं काय ठरलं?” मी विचारलं.

“अगदी सौम्य. पिल्लांवर काही परिणाम नाही. त्यामुळे हीही चालेल. कंपनीची फारच घाई आहे. पुढच्या महिन्यापासून वापरणार.” त्यांनी कागद चाळला. “बसच्या सीटचं कापड करतात ती शेड आहे ना, तुमच्या गावाच्या फाट्यावर? तिथंच पहिल्यांदा.”

माझी सून, मालन, त्या शेडमध्ये कामाला होती. बायका पावडरीच्या पाण्यात कापड बुडवायच्या, वाळवायच्या, झटकायच्या. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. माझा मुलगा बिरा तिला “आली बघा पिठाची गिरणी” म्हणून चिडवायचा. तिला तेव्हा तिसरा महिना होता.

“मॅडम,” मी म्हणालो. “बहिणीचं कुणी खोटं सांगितलं असंल तर?”

“कोण सांगणार? उंदीर?” त्या हसल्या. मग त्यांनी खण उघडला आणि एक नवं पेन काढलं. “बरं झालं आलात. तुमच्यासाठीच ठेवलंय. पिंजऱ्यांच्या रोजच्या नोंदीवर तुमचा अंगठा असतो ना, तो आता बंद. या शेवटच्या कागदावर सही करायची. पिल्लं होती त्या पिंजऱ्यातच राहिली, फक्त आम्ही काढली तीच बाहेर गेली, असं लिहिलंय. वाचून बघा. येईल तुम्हाला.”

मी वाचलं. बोट ठेवत, अक्षर अक्षर जोडत वाचलं. पिल्लं. होती. त्या. पिंजऱ्यातच. राहिली. आधीच्या कागदांवर काय लिहिलेलं असायचं मला ठाऊक नव्हतं, मी डोळे झाकून अंगठा उठवत आलो होतो. हे मात्र मी स्वतः वाचलं. दळवी साहेब दारात उभे होते. त्यांच्या हातात माझ्या कायम नोकरीचा कागद होता, तोही मला लांबून वाचता येत होता.

“जमेल, मामा,” मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना वाटलं मी अक्षराला भितोय.

मी सही केली. म्हाळू बिरू कोळेकर. तिन्ही शब्द सुरेख आले, ‘ल’सुद्धा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दळवी साहेबांनी पेढा दिला. तो मी खाल्ला.

---

घरी गेल्यावर मालनला म्हणालो, “पोरी, ते काम सोड.”

“का वो मामंजी?”

“पावडरीचं काम. दिवस गेलेत तुला.”

“आता तर नवी पावडर येणार हाय. साहेब म्हणले, तपासलेली हाय, काय होत न्हाई. तुमच्याच तिथं तपासली म्हणं!” ती कौतुकानं म्हणाली. “आमी सगळ्या म्हणलो, मग तर काळजीच न्हाई.”

माझी बायको ठकू चुलीपाशी होती. ती म्हणाली, “सांगा की मग, असंल तर. तुमी तर तिथंच असता.”

“तोंडाला फडकं बांध,” मी म्हणालो. एवढंच.

मालन आठव्या महिन्यापर्यंत कामाला गेली. फडकं बांधायची. गरम व्हायला लागलं की काढायची.

नातू झाला. दिसायला गुटगुटीत, पण दूध ओढायला आळशी. आमच्यात पोर पहिल्यांदा पालथं पडलं की घरोघर गूळ-खोबरं वाटतात. ठकूनं चौथ्या महिन्यातच खोबरं आणून ठेवलं. पाचवा गेला, सहावा गेला. खोबरं खवट झालं, तिनं दुसरं आणलं. ती बाळाला वाकळेवर उताणं ठेवून समोर खुळखुळा हलवायची, “वळ माझ्या राजा, वळ” म्हणायची. तो पाय हलवायचा. एकदा मी शेजारी बसलो होतो आणि माझ्या ध्यानात आलं की मी तोंडातल्या तोंडात आकडे मोजतोय. सतराला पोचलो आणि उठून बाहेर गेलो.

तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, काही मुलं उशिरा करतात, कारण सांगता येत नाही. मालनबरोबरच्या आणखी एकीचं पोरही मागं होतं, आणि दुसऱ्या दोघींची अगदी चांगली होती. तेव्हा पावडरीनंच झालं, असं कुणी म्हणू शकत नाही. मीही म्हणत नाही. पण पावडरीनं झालं नाही असंही कुणाला म्हणता येत नाही, आणि ते माझ्यामुळं.

नातू नऊ महिन्यांचा होता तेव्हा एका सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो. आता त्यांची खोली मोठी होती, दारावर नावाची पाटी होती. मी ती वाचून आत गेलो.

“या मामा! नातू काय म्हणतो? पालथा पडायला लागला की नाही?”

“न्हाई,” मी म्हणालो. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

माझं संपल्यावर त्यांनी उठून कपाटातली जुनी वही काढली. टॉवेलच्या दिवसाचं पान उघडलं. तो सतराचा आकडा तिथं होता. त्याच्याखाली त्यांनीच पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि नंतर खोडलं होतं. बराच वेळ त्या त्याच्यावर बोट फिरवत होत्या.

“मी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि त्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. खोलीत सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असायचात आणि तुम्हालाच कुणी काही सांगितलं नव्हतं.”

“मॅडम, सही केली तवा मला कळलं व्हतं. वाचून केली.”

त्यांनी वही मिटली. मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ती शेड आज बंद करता येईल,” शेवटी त्या म्हणाल्या. “फोन करते. पण मामा, आपल्या त्या एका अहवालावरून आतापर्यंत फक्त एकच बहीण पास झालेली नाही. चार झाल्यात. त्यातल्या दोन परदेशात गेल्या. त्या कुठे कुठे लागतात, मलाही माहीत नाही.”

चार. माझ्या डोळ्यांपुढं एकच शेड होती. एकच सून, एकच वाकळ. बाकीच्या तिघींच्या नावानं कुठं कोण उताणं पडलंय, हे मला कधीच कळणार नव्हतं. आजही कळलेलं नाही. नातू आता मोठा आहे, अकराव्या महिन्यात पालथा पडला, मेंढरांत रमतो, शाळेत रमला नाही. त्याचं मला दिसतं तरी. त्या बाकीच्यांचं दिसत नाही.

मॅडमनी कोरा कागद पुढं ओढला. “कुठलं पिल्लू कुठं हलवलंत, आठवतंय?”

“सगळी आठवतात.”

हे खरं होतं. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीला लावलं हे राखणारा विसरत नाही. मी पिंजऱ्यामागून पिंजरा सांगत गेलो. खालच्या फळीवरच्या तिसऱ्या लालमधली तीन, दारालगतच्या पांढऱ्यात. त्याच्या वरच्यातली दोन, खिडकीच्या बाजूला. त्या लिहीत गेल्या. बावीस पिल्लं झाली. मेलेली दोन मी शेवटी सांगितली. लिहिताना त्यांच्या चष्म्यावर पाणी पडत होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

“हा कागद वर गेला की तुमची नोकरी राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “बहुतेक माझीही नाही.”

“व्हय.”

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि पेन घेतलं. या वेळी ‘म्हाळू’ रेघेच्या खाली घसरला, ‘बिरू’ त्याच्यावर चढला आणि ‘कोळेकर’मधला ‘ळ’ फुटलेल्या मडक्यासारखा झाला.

“बिघडली,” मी म्हणालो. “दुसरा कागद द्या. चांगली करतो.”

“नको,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद माझ्या हाताखालून काढून घेतला. “चांगली एक आहे माझ्याकडे.”